म्हैसखडकावर राहिलेलं बारावं माणूस

वरणगावचा शालिग्राम तायडे एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. बरण्यांतलं फॉर्मालीन बदलणं, सूक्ष्मदर्शकं पुसून कपाटात ठेवणं, परीक्षेच्या दिवशी बेडूक मोजून देणं, एवढंच त्याचं काम. पण सहलीच्या आदल्या दिवशी एक-दोन प्राध्यापक हळूच त्याच्या स्टुलाजवळ येऊन बसायचे. उद्या कोणते पक्षी दिसतील आणि ते ओळखायचे कसे, हे विचारून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच मुलांना खड्या आवाजात सांगायचे. शालिग्राम मागे दुर्बिणींची पेटी घेऊन उभा असायचा आणि गालातल्या गालात हसायचा. वडील फॅक्टरीत कामगार होते, मुलाने तिथेच चिकटावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. मुलगा चिकटला तो पाखरांना. घरात बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर पाखरांच्या पुस्तकांची चळत होती आणि तिच्यावर धूळ बसलेली कोणी पाहिली नाही.

तापीवर हतनूरचं धरण झालं, पाणी मागे फुगलं आणि पाण्याच्या मधोमध काही टेकाडांचे माथे तेवढे उघडे राहिले. काठावरून पाहिलं तर म्हशी पाण्यात बसल्यासारखे दिसायचे, म्हणून कोळ्यांनी त्यातल्या मोठ्याला म्हैसखडक नाव दिलं. झाड नाही, गवत नाही, नुसता काळा फत्तर. शालिग्राम तिथे नेलेल्या माणसांना सांगायचा की हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी अख्ख्या खानदेशात जमीन फाटून आग वाहत होती, आपण तिच्यावर केळी लावतो आणि कापूस वेचतो. हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. माणसं पायाखाली बघायची, एखादा वाकून हात लावून बघायचा.

उन्हाळा जवळ आला की या उघड्या खडकावर नदीसुरय अंडी घालायचे. पांढुरके करडे, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे पक्षी. घरटं म्हणून काही नाहीच, फत्तराच्या खळग्यात दोन-तीन ठिपक्यांची अंडी. जळगावला मेहरूणच्या तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या काही मंडळींनी निसर्ग मंडळ काढलं होतं. त्यांना शालिग्रामचा पत्ता लागला आणि एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून हिवाळा-उन्हाळ्यात रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका नावेत सहा माणसं, फार तर दोन नावा. खडकावर अर्धा तास. त्याने चुन्याची रेघ मारून ठेवलेली असायची, तिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. कारण तो दर वेळी एकाच सुरात सांगायचा की माणूस रेघ ओलांडून गेला की पक्षी अंड्यांवर बसत नाही, आणि तो बसला नाही की अंडी गेली. दर रविवारी तेच बोलून बोलून त्याला ते पाठ झालं होतं. पाढे म्हणताना मुलं जितका विचार करतात तितकाच तोही ते म्हणताना करायचा.

नावा वाल्मीकच्या. वाल्मीक मूळचा धुळे जिल्ह्यातला, शिरपूरकडच्या तापीकाठचा कोळी. धरणात मासे झाले तसा बायकोमुलांसकट इकडे आला आणि बायकोचा भाऊ छगन यालाही घेऊन आला. वाल्मीकचा एक नेम होता. नावेच्या फळीवर चपलेचं पाऊल पडता कामा नये. नाव त्याला खायला घालत होती, तिच्यावर जोडे घेऊन चढणं त्याला पटत नव्हतं. मग कलेक्टर येवो की डॉक्टर, चढायच्या आधी पायातलं काढायचं आणि नावेच्या टोकाशी ठेवलेल्या केळीच्या जुन्या टोपलीत टाकायचं. खडकावर उतरलं की टोपलीतून काढून घालायचं, परत चढताना पुन्हा टोपलीत.

याच नेमातून शालिग्रामने मोजणीची आपली पद्धत काढली. माणसं मोजायला गेलं की माणसं हलतात. कोणी फोटो काढायला उठतो, कोणी मैत्रिणीजवळ बसायला जातो, एकाला दोनदा मोजलं जातं आणि दुसरा राहून जातो. टोपलीतल्या जोडांचं तसं नाही. तो स्वतः आणि नाववाले आपल्या चपला काठावरच ठेवायचे, म्हणजे टोपलीत जितके जोड तितकी आलेली माणसं. सहा वर्षांत एकही माणूस इकडचा तिकडे झाला नव्हता. मंडळाच्या बैठकीत कोणी सुरक्षेचा विषय काढला की तो चपलांचं सांगायचा, लोक हसायचे आणि विषय मिटायचा. त्याला या युक्तीचा अभिमान होता, आणि तो अभिमान चांगलाच बाळसं धरलेला होता हे सांगायला हवं.

चौऱ्याण्णव सालच्या मार्चमधला शेवटचा रविवार. यादीत बारा नावं होती. त्यातले जळगावचे एक दातांचे डॉक्टर आलेच नाहीत, म्हणजे अकरा. शालिग्रामने दोन्ही टोपल्या पाहिल्या, एकीत सहा जोड, दुसरीत पाच. अकरा हा आकडा त्याने मनात घट्ट बसवला. छगनने आपली नाव लोटली. वाल्मीक दोर सोडत होता, तेवढ्यात बांधावर एक राजदूत मोटारसायकल येऊन थांबली आणि मागच्या सीटवरून साठीची एक बाई उतरली.

ती फैजपूरची द्रौपदाबाई. केळीवाल्या लेवा पाटील घरातली. महिन्यापूर्वी शालिग्रामने तिच्या नातवाच्या शाळेत पडद्यावर पाखरांची चित्रं दाखवली होती, तेव्हा ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती. सगळे उठून गेल्यावर तिने त्याला एकच प्रश्न विचारला होता.

"अंडं उघड्या फत्तरावर घालते, मग त्याले सांभाळते कोन?"

शालिग्राम म्हणाला होता, "अक्का, एकदा या आणि डोळ्यांनी बघा." असं तो शंभर जणांना म्हणायचा. येणारी ही पहिलीच. मुलगा बन्सीलाल तिला सोडून वरणगावच्या पाहुण्यांकडे गेला, पाचला न्यायला येतो म्हणाला. शालिग्रामला आनंद झाला. न आलेल्या डॉक्टरांची जागा रिकामीच होती, तिथे त्याने तिला हात धरून बसवलं आणि नाव निघाली.

टोपलीत मात्र त्या वेळी काहीही पडलं नाही. द्रौपदाबाई अनवाणीच आली होती. सप्तशृंगीच्या गडावर चैत्री पुनवेला पायी जायचं तिचं ठरलं होतं आणि तोवर पायात काही घालायचं नाही असं तिने माघातच देवीला कबूल केलं होतं. खानदेशात त्या दिवसांत अशी अनवाणी बाई चारचौघांत उठून दिसत नाही. शालिग्रामने तिचे पाय पाहिलेही असतील. पाहिले आणि डोळ्यांआड केले.

खडकावर सगळं नेहमीसारखं झालं. लाव्हा झाला, चुन्याची रेघ झाली, अंड्यांचं पाठ केलेलं बोलणं झालं. द्रौपदाबाई पुढे उभी राहून ते सगळं ऐकत होती, तिच्या ओठांची हालचाल व्हायची, जणू ती शब्द मनात ठेवून घेत होती. नंतर माणसं दुर्बिणींना लागली आणि ती आडोशाला म्हणून खडकाच्या पलीकडच्या उतारावर गेली. बाईमाणसाने कुठे जाते ते पुरुषांना सांगून जाण्याची आपल्याकडे रीत नाही. तिनेही सांगितलं नाही.

तेवढ्यात वाल्मीकने नैऋत्येकडे बोट केलं. आभाळाचा खालचा भाग पिवळा पडत चालला होता आणि वरचा काळा. वारा थांबला होता. केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला मार्चमधलं हे पिवळं आभाळ कोणी समजावून सांगावं लागत नाही, पाच मिनिटांच्या गारांत वर्षाची बाग आडवी होते. शालिग्रामने शिट्टी फुंकली, जोरात, तीनदा. माणसं धावली. कोण कोणत्या नावेतून आलं होतं ते कोणी पाहिलं नाही, जवळची नाव दिसेल तिच्यात चढले. वाल्मीक ओरडत होता की आधी पायातलं काढा. शालिग्राम छगनच्या टोपलीकडे धावला, सहा. वाल्मीकच्या टोपलीकडे आला, पाच. अकरा. त्याने हात वर केला आणि दोन्ही नावा सुटल्या.

काठ अर्ध्या तासावर होता. निम्म्या वाटेत वारा आला आणि नावा एकमेकींपासून दूर गेल्या. वाल्मीकच्या नावेतल्यांना वाटलं फैजपूरची आजी छगनच्या नावेत असेल, छगनच्या नावेतल्यांना उलट वाटलं. कोणाला फारसं काही वाटायला वेळही नव्हता, सगळे फळ्या धरून बसले होते. काठ आला, पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले, माणसं टोपलीतून आपापल्या चपला ओढून मासळीच्या पत्र्याच्या शेडकडे पळाली. शालिग्राम शेवटी आला. टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या. एकही जोड उरला नव्हता, आणि त्याने समाधानाने श्वास सोडला.

शेडमध्ये एका मास्तरीणबाईंच्या हातात खाकी कापडाची पिशवी होती. नावेतून पळताना फळीखाली दिसली म्हणून त्यांनी उचलून आणली होती. ही कोणाची, म्हणून त्या विचारत होत्या. कोणी बोलेना. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, आत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि देवीचा छोटा फोटो होता.

शालिग्राम पुढे झाला. त्याने शेडमधली माणसं मोजली. चेहरे मोजले, बोट लावून. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. अकरा होती, आणि अकरा असायला नको होती. मग त्याला ते अनवाणी पाय आठवले.

तो पावसात बाहेर आला. वाल्मीक आणि छगन नावा ओढून बाभळीच्या बुंध्याला बांधत होते. शालिग्रामने सांगितलं तेव्हा वाल्मीकने आधी पाण्याकडे पाहिलं. खडक दिसत नव्हता. पाणी करडं झालं होतं आणि त्याच्यावर पांढरा फेस उठत होता.

"आते नही," वाल्मीक म्हणाला. "नाव उलथी जाई. वारा पडू द्या."

त्याचं चुकत नव्हतं. चौदा वर्षांचा असल्यापासून तो तापीवर होता, कोणता वारा नाव उलटवतो हे त्याला अंगाने कळत होतं. घरात तीन पोरं होती. शालिग्रामला हे सगळं पटत होतं आणि त्याचे हात दोराची गाठ सोडत होते. गाठ भिजून आवळली होती, नखं तुटत होती. आणखी एक गोष्ट दोघांनाही माहीत होती, जी मंडळातल्या कोणालाही माहीत नव्हती. सहा वर्षं लोकांना पाण्यातून नेणाऱ्या शालिग्रामला पोहता येत नव्हतं. त्याने ती लाज वाल्मीकपाशी एकदाच कबूल केली होती.

गाठ सुटली. त्याने नाव एकट्याने पाण्यात ढकलली, उलट्या बाजूने, आणि वल्हं उचललं तेही चुकीच्या हाताने. वाल्मीक दोन क्षण बघत राहिला. मग त्याने डोक्याचं फडकं काढून कमरेला बांधलं, पाण्यात उतरला आणि त्याच्या हातातून वल्हं काढून घेतलं.

"तुमले पोहता येत नही, हाई माले माहीत शे. बठा. हालू नका. नुसतं पानी काढा."

छगनला त्याने काठावरच ठेवलं. दोघे गेलो तर तिसरा घरी सांगायला पाहिजे, असं तो म्हणाला, आणि ते त्याने अगदी साध्या आवाजात म्हटलं.

पुढचा पाऊण तास शालिग्रामने डालड्याच्या डब्याने पाणी उपसलं. भरला की फेकायचा, भरला की फेकायचा. पाव वाटेत गारा सुरू झाल्या. आधी चिंचोक्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. नावेच्या फळ्यांवर त्या ताडताड वाजत होत्या आणि वाल्मीकच्या उघड्या पाठीवर आपटत होत्या, तो हूं की चूं करत नव्हता. लाट आली की तो नावेचं तोंड तिच्याकडे वळवायचा, नाव वर चढायची, आपटायची, आणि शालिग्रामने उपसलेलं सगळं पाणी एका झटक्यात परत आत यायचं. त्याला मरणाची भीती वाटत होती. ती त्याने नंतर कधी लपवली नाही. पण त्याहून मोठी एक भीती होती. पाच वाजत आले होते. बन्सीलाल आता काठावर येईल आणि विचारेल की आई कुठे आहे. त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर तो पाणी उपसता उपसता शोधत होता. चपला मोजल्या, हे उत्तर त्याने मनातल्या मनात बोलून पाहिलं आणि डबा आणखी जोराने पाण्यात खुपसला.

वारा पडला तो खडक दिसायला लागल्यावरच. गारा थांबल्या, भुरभुर पाऊस राहिला. शालिग्राम नावेत उभा राहिला, वाल्मीकने दटावून खाली बसवलं. खडकाचा माथा पांढरा झाला होता, खळग्याखळग्यांत गारा साचल्या होत्या. आणि त्या गारांच्या मधे नदीसुरय बसले होते. रेघेच्या पलीकडे, आपापल्या जागी, पंख अंगाशी आवळून, सगळे अंड्यांवर. एकही हवेत नव्हता.

शालिग्रामने ते पाहिलं. पक्षी असे निवांत बसलेत याचा अर्थ त्याच्याइतका कोणाला कळणार? खडकावर माणूस असता तर ते बसले नसते, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिले असते. ते बसलेत म्हणजे खडकावर माणूस नाही. आणि खडकावर नाही तर चारी बाजूंना फक्त पाणी होतं.

तो "अक्का" म्हणून ओरडला. वाल्मीकने नाव खडकाला न लावता कडेकडेने पलीकडच्या उताराकडे नेली. शालिग्राम पाण्याकडे बघत होता. पाण्यात लुगड्याचा रंग शोधत होता. कोणत्या रंगाचं लुगडं होतं तेही त्याला आठवत नव्हतं.

हिरवं होतं. उताराच्या टोकाशी, जिथे खडक पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात शिरतो, तिथे द्रौपदाबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पदराची चौघडी करून डोक्यावर घेतलेली, तिच्यावर दोन्ही हातांचे पंजे पालथे दाबलेले. पंजांवर गारांचे वळ उठले होते, निळे-काळे. ओठ पांढरे पडले होते. ती तोंड काठाकडे करून, म्हणजे ज्या दिशेने नाव येणार त्या दिशेला बघत उभी होती.

वाल्मीकने तिला काखेत धरून वर घेतलं. शालिग्रामने आपला सदरा काढून तिच्या खांद्यांवर टाकला, तोही भिजलेलाच होता. वरचा खडक सोडून पाण्यात का उतरलात, असं त्याने विचारलं. त्या पाण्यात तिचा पाय सरकला असता तर? तिने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं, जणू तोच हे विचारतोय याचं तिला नवल वाटलं होतं.

"मी वर होती तं ते खाली बसेनात. नुसते वरडत होते. गारा पडाले लागल्या, अंडे फुटतीन ना. मंग मी खाली उतरली. तुम्हीच सांगतलं होतं."

 शालिग्राम दर रविवारी हे सांगत होता. सांगून झालं की डब्यातली साबुदाण्याची खिचडी खायला बसत होता.

नाव परत फिरली. पाणी शांत होत होतं, पश्चिमेला उजेड फुटला. वाल्मीक वल्हं मारत होता आणि त्याच्या पाठीवर रक्ताच्या बारीक रेघा होत्या. द्रौपदाबाई फळीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि तिला बरंच बोलायचं होतं, तसं एकटं राहून आल्यावर माणसाला बोलायचं असतंच. तिने नावा जाताना पाहिल्या होत्या. शिट्टी ऐकू आली नव्हती, मधे खडकाचा माथा होता, पण वर येऊन पाहते तर नावा निघालेल्या. हाक मारायचं तिच्या मनात आलं नाही.

"बठ्ठ्यायले आधी पोचवलं, बरं केलं भाऊ," ती म्हणाली. "लेकराबाळायची मानसं. दोन नावायमधी इतके जन, वारा आला तं बुडालेच असते. मी म्हटलं, माह्या एकलीसाठी भाऊ मांगून येतीन. मले काही भेव वाटलं नाही. मी आपली उभी होती."

वाल्मीकचं वल्हं क्षणभर थांबलं. त्याने शालिग्रामकडे पाहिलं, मग दुसरीकडे मान वळवली आणि पुन्हा वल्हं मारायला लागला.

गप्प बसणं किती सोपं होतं. बाई जिवंत होती, बाई खूश होती. तिने स्वतःच एक गोष्ट रचली होती आणि त्या गोष्टीत शालिग्राम भला आणि शहाणा माणूस होता. काठावर ती मुलाला हीच गोष्ट सांगणार, फैजपूरला गल्लीत सांगणार, मेहरूणच्या मंडळाने तर कदाचित त्याचा सत्कार केला असता. शेडमधल्या अकरा जणांची तोंडं राहिली असती, पण घाबरलेली माणसं घडलेलं कसं सांगतात हे आपण जाणतोच. शालिग्रामने डबा खाली ठेवला. त्याच्या मते त्याने त्या दिवशी केलेली एकुलती एक खरी गोष्ट म्हणजे तो यानंतर जे बोलला ते. पुढे कित्येक वर्षं त्याला असंच वाटत होतं.

"अक्का," तो म्हणाला, "मी तुम्हाला मागे ठेवलं नाही. मी तुम्हाला विसरलो. मी चपला मोजल्या, माणसं मोजली नाहीत. तुमच्या पायात चपला नव्हत्या. काठावर जाऊन शेडमध्ये बसलो तरी मला तुमची आठवण नव्हती. तुमची पिशवी सापडली म्हणून कळलं. पिशवी तुम्ही बरोबर नेली असती तर कळलंही नसतं."

द्रौपदाबाईने ऐकून घेतलं. तिने मान वळवून मागे पाहिलं, दूर राहिलेल्या खडकाकडे, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिचे हात थरथरायला लागले. गारांत इतका वेळ पालथे दाबून धरलेले ते हात आता मांडीवर ठेवले तरी थांबेनात, तिने ते पदरात गुंडाळले, पदरही थरथरायला लागला. दातांवर दात वाजायला लागले. शालिग्रामला वाटलं थंडीने. वाल्मीकला तसं वाटलं नाही.

काठावर बन्सीलाल गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. शेडमधल्या लोकांनी त्याला सांगायचं ते सांगून टाकलं होतं, त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. उतरताना शालिग्रामने तिच्यापुढे हात केला. तिने तो पाहिला आणि वाल्मीकचा हात धरून उतरली. बन्सीलाल शालिग्रामच्या अंगावर धावून आला, गळ्याशी धरलं, दोघातिघांनी सोडवलं. शालिग्रामने हात वर केले नाहीत. मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. द्रौपदाबाई मुलाला एवढंच म्हणाली की घरी चाल, आणि मोटारसायकलवर बसली.

त्या हंगामातल्या फेऱ्या शालिग्रामने बंद केल्या. मंडळाला त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की चूक माझी, नाववाल्यांचा काही संबंध नाही. तक्रार येईल म्हणून तो महिनाभर वाट पाहत राहिला. कॉलेजच्या पत्त्यावर पोस्टमन आला की तो आधी पाकिटावरचं गाव बघायचा. फैजपूरहून काहीच आलं नाही. चैत्री पुनव उलटून आठ दिवस झाले तेव्हा त्याला राहवेना, तो एसटीने फैजपूरला गेला.

बन्सीलाल बागेत होता. गारांनी निम्मी केळी लोळवली होती, घडांना टेकू देणं चाललं होतं. द्रौपदाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. गडावर जाऊन आली होती, पण पायी नाही, मुलाच्या जीपने. शालिग्रामने पायी का नाही म्हणून विचारलं. वाटेत नदी-नाले लागतात, असं ती म्हणाली आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला. त्या नद्यांत एप्रिलमध्ये पावलं बुडण्याइतकंही पाणी नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

चहा आला. शालिग्रामने माफी मागायला म्हणून जे शब्द एसटीत जुळवले होते, त्यातला एकही त्याला सापडेना. तो नुसता "अक्का" म्हणाला आणि थांबला. द्रौपदाबाई डाळीतले खडे बाजूला करत होती. तिने वर पाहिलं नाही, आणि तिच्या आवाजात राग नव्हता.

"मले सांगाले नको होतं भाऊ. तथी मी एकली नव्हती. तुम्ही येऊ राह्यले, आसं मले वाटत होतं, म्हून मी उभी राह्यली. आता डोये मिटले की तो फत्तर दिसते, आन कोनी येतच नाही."

शालिग्रामने कप खाली ठेवला. त्यातला चहा तसाच होता.